टेकडीवरचा वटवट्या

माझी धाकटी नणंद कापडगिरणीत मागावर होती. सगळा जन्म त्या खडखडाटात गेला, त्यामुळे घरातही ती ओरडूनच बोले. साधं मीठ मागितलं तरी शेजारी दचकावेत. निवृत्त झाल्यावर बाई गुडघे चोळत घरी बसेल असं मला वाटलं होतं. कुठलं काय! तिने बूट घेतले, दुर्बीण घेतली आणि पक्ष्यांच्या नोंदी करणाऱ्या हौशी लोकांच्या गटात नाव घातलं. उजाडायच्या आत टेकडी चढायची, ठरलेल्या उतारावर उभं राहायचं आणि जो पक्षी ऐकू येईल तो कळवायचा. या वयात हे काय खूळ, म्हणून मी नाक मुरडलं. तिने भीक घातली नाही.

गवतातला वटवट्या म्हणजे तिचा जीव की प्राण. चिमणीहून लहान, मातकट, दिसायला महाकठीण. ओळखायचा तो बारीक आवाजावरूनच. त्याच्यासाठी टेकडीचं गवत राखलेलं होतं, नाहीतर दगडखाणवाले टपलेलेच होते. पण गेली काही वर्षं त्या उतारावर तो तिला ऐकूच आला नव्हता. उतार तिच्याकडेच, दुसरं कुणी तिथे जात नसे. यंदाही नसेल तर तो इथून गेला, असं गट लिहून देणार होता. तिचं जेवणावरचं लक्ष उडालं. घरातलं माणूस गेल्यासारखी बसून असायची.

शेवटच्या फेरीआधी तिचा पाय मुरगळला, म्हणून आधाराला मी गेले. चढताना माझा जीव मेटाकुटीला आला. वर पोचल्यावर ती डोळे मिटून उभी राहिली.

"काय किरकिर लावलीय याने!" मी वैतागून म्हणाले.

"कुणी?"

मी बोट दाखवलं. गवताच्या काडीवर इवलासा मातकट पक्षी होता. तिने दुर्बीण लावली. त्याची चोच उघडत होती, मिटत होती.

"आत्ता ओरडतोय?" तिने विचारलं.

"हो."

"आत्ताही?"

"हो गं बाई."

तिने दुर्बीण गळ्यातून काढून माझ्या हातात दिली.

उतरताना मी म्हणाले, "आज दिसला एवढंच सांग. बाकीचं कशाला?"

"म्हणजे पुढच्या वर्षी मीच तिथे उभी राहणार, आणि पुन्हा 'नाही' लिहिणार," ती म्हणाली.

संध्याकाळी गटाच्या बैठकीत ती उठली. "वटवट्या आहे. कान माझे गेलेत. माझ्या नोंदी काढून टाका आणि उतार दुसऱ्या कुणाला तरी द्या." आवाज नेहमीसारखाच मोठा होता. मला तिचा अभिमान वाटला.

घरी येताना ती म्हणाली, "वहिनी, आवाज पूर्वीसारखाच आहे ना गं त्याचा?"

मी तो पूर्वी कधी ऐकलाच नव्हता.

"अगदी तसाच," मी म्हणाले.