डिफरन्शियलच्या आतले टाके
परवा घराच्या गेटाला वेल्डिंग चाललं होतं, तो जळका वास नाकात गेला आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं सेनगावचं गॅरेज आठवलं. माझ्या जुन्या जीपचं एक चाक चिखलात नुसतं जागेवर फिरायचं. गॅरेजवाला मिस्त्री माझा जिवाचा दोस्त. दोन्ही चाकांना जोर देणारं वापरलेलं डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला गिअरचा डबा, कुणीतरी विकायला ठेवलंय, म्हणाला. जुन्या गाडीला ते झेपेल का, अशी मला शंका होती. त्यानं ते समोर आणून त्याची एक बाजू हातानं फिरवली. साध्या डिफरन्शियलमध्ये दुसरी बाजू उलटी फिरते, इथं तीही त्याच दिशेला फिरली. "बराबर हाय. डोळे झाकून बसव." मी बसवलं. चिखलातून जीप सहज निघाली, पण डोंगरकड्याजवळ डांबरी वळणावर टायर घासले आणि एक्सल कडकन तुटला. तिथल्या मिस्त्रीनं खोललं, तर आतले गिअर वेल्डिंगनं एकमेकांना चिकटवलेले; वळणावर दोन चाकांना कमी-जास्त वेगानं फिरताच येत नव्हतं. "काहून बसवलं असलं, भाऊ?" मी वाकून वेल्डिंगचे टाके पाहिले. माशाच्या खवल्यांसारखे ते टाके माझ्या ओळखीचे होते. जीपच्या टपावरचं कॅरिअर माझ्या दोस्तानं त्याच हातानं जोडलं होतं. जीप कधीच भंगारात गेली. कॅरिअर अजून परसात आहे, एक टाका सुटलेला नाही.