डावा अंगठा

लख्खकाकांचं लख्ख आता नुसतं नावापुरतं उरलं होतं. चाळीस वर्षं त्यांनी जुन्या वस्तूंच्या त्या दुकानात घंटा, दिवे, दारांच्या मुठी अशा काही घासल्या होत्या, की गिऱ्हाईक आधी त्यात बघून भांग सारखा करायचं आणि मग भाव विचारायचं. पण मालक वारले, दुकान त्यांच्या लेकीकडे, ताईंकडे आलं आणि पितळ हद्दपार झालं. त्याच्या जागी फ्रान्समधली शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची ब्राँझची जनावरं आली. दबा धरलेला बिबट्या, कान पाडून बसलेला ससा, एका पायावर ताटकळलेला बगळा. पोटात घड्याळ घेऊन उभा राहिलेला एक हत्तीसुद्धा.

“काका, यांना घासायचं नाही हं,” ताईंनी बजावलं. “वरची साय गेली की वस्तू मातीमोल.”

साय म्हणजे वर्षानुवर्षं धातूवर धरलेला तपकिरी थर.

“वा! म्हणजे मळाला मान आणि घासणाऱ्याला नारळ?”

ताई हसल्या नाहीत. नारळ खरोखरच ठरला होता. या महिन्याच्या शेवटी काकांनी खिडकीजवळचं आपलं स्टूल सोडायचं होतं. घरी बसून करणार काय? घरातली भांडी सूनबाईंनी आधीच लपवून ठेवली होती.

अशात एके दुपारी एक विक्रेता ब्राँझचं बसकं अस्वल घेऊन आला. या एका अस्वलापायी ताई बिबट्यासकट बाकीचं निम्मं दुकान फुंकून टाकायला निघाल्या होत्या. पारख करायला जाणकार आले. भिंग लावलं, श्वास रोखला, आणि नाकापाशी येऊन एखाद्या नायकासारखे गहिवरले.

“ही झीज पाहा! सगळं अंग तपकिरी आणि नाक तेवढं सोनेरी. शंभर वर्षं घराघरातली मुलं या नाकावरून हात फिरवत आली. हे प्रेम नकली करता येत नाही!”

काकांनी स्टुलावरून मान लांब केली. झीज नाकाच्या एकाच बाजूला होती. हे अस्वल वीस वर्षांपूर्वी याच खिडकीत बसायचं. मोठ्या मालकांचा हुकूम होता: “फडक्यानं ओरखडे उठतात. चहा पिताना नुसता अंगठा फिरवत जा. लाडकं दिसलं पाहिजे.” उजव्या हातात कप, डावा अंगठा नाकावर. अकरा वर्षं!

बोलावं, तर स्वर्गवासी मालक लबाड ठरतात, आणि सायीवर हात मारणारा म्हणून स्टूल महिनाअखेरीऐवजी आजच जातं. गप्प बसावं, तर पोर बुडते. आता तिला आठवतही नसेल इतक्या लहानपणी हीच पोर त्या अस्वलावर बसून खाली पडली होती. रडली मात्र अस्वलाला लागलं म्हणून.

काका उठले. रंगमंचावर उशिरा शिरलेल्या नटासारखे मधोमध येऊन उभे राहिले आणि त्यांनी डावा अंगठा नाकावर टेकवला. खोबणीत किल्ली बसावी तसा तो बसला.

“ताई, ती मुलं म्हणजे मीच. तुमच्या बाबांनी तसं सांगितलं होतं.”

जाणकारांनी भिंग मिटलं. “छे छे! मग हा शुद्ध बिघाड आहे. अस्वल अस्सल, पण साय घालवलेली.” नाक तेच, झीजही तीच. प्रेम तेवढं अर्ध्या मिनिटात आटलं. विक्रेत्याचा चेहरा उतरला आणि त्याच्यामागोमाग भावही. इतका, की ताईंनी बिबट्याला धक्का न लावता अस्वल घेतलं.

माणसं गेल्यावर काका आपला कप आणि डबा आवरू लागले.

“कुठे निघालात?”

“महिनाअखेर आजच समजतो.”

ताई अस्वलासमोर वाकल्या होत्या. अगदी वडिलांसारखा एक डोळा बारीक करून म्हणाल्या, “काका, हे एकतर्फी दिसतंय हो. उजव्या बाजूनंही जरा लाडकं व्हायला हवं.”

काकांनी भिंतीकडे पाहिलं. बाप भिंतीवरच्या फोटोत, आणि संवाद लेकीच्या तोंडी!

“उजवा अंगठा अजून कोरा आहे, ताई. अकरा वर्षं लागतील.”

“लागू देत. फक्त कप आता डाव्या हातात धरा.”

काकांनी डबा पुन्हा उघडला, कप काढून चहा ओतला. डाव्या हातानं पहिल्यांदाच धरलेला कप हिंदकळला आणि चहा अस्वलाच्या पाठीवर सांडला.

“राहू दे,” ताई म्हणाल्या, “साय धरेल.”