उडीद बुडेपर्यंत

माणसाच्या तोंडाकडे कमी आणि हाताकडे जास्त बघणारा आमच्या आतोबांसारखा गृहस्थ काशीत काय, त्रिखंडात सापडायचा नाही. आत्याला पाहून आले, तेव्हा मुलगी दिसायला कशी आहे हे त्यांना घरी सांगताच येईना. अंगठा मात्र उत्तम वळतो, म्हणाले. दुखऱ्या, आखडलेल्या हातांवर संशोधन करण्यात त्यांची विद्यापीठातल्या नोकरीची सगळी वर्षं गेली. बोट किती वाकतं, मूठ किती आवळते, हे मोजायची यंत्रं ते झोळीत घालूनच हिंडायचे. पानवाल्यापुढे उभे राहिले की पान राहायचं बाजूला, आधी त्याच्या मनगटाची चौकशी. एकदा दशाश्वमेधावर एका यात्रेकरू बाईचा अंगठा मोजत बसले, तर ती विचारते, "पंडितजी, बिटिया का ब्याह कब होगा?" आतोबा मान वर न करता म्हणाले, "ब्याह का पता नहीं, अंगूठा होली तक ठीक हो जाएगा." आत्याने कपाळाला हात लावला, तर लगेच तिचंही मनगट तपासलं.

अशा माणसाची घरात चेष्टा व्हायचीच, आणि त्यात सगळ्यांत पुढे माझे बाबा. बाबा पुरोहित. महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांचे विधी घाटावर करायचे. एका श्रावणात पायरीवरून घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर निघालं, पण बोटं लाकडासारखी. ज्याला स्वतःला उजव्या हाताने आचमन करता येत नाही, तो यजमानाला काय सांगणार? बाबांनी घाटावर जाणंच सोडलं. भिंतीकडे तोंड करून बसून राहायचे. आम्हाला ते बघवत नसे.

आतोबा मग रोज सकाळी येऊ लागले. हात कोमट पाण्यात, मग व्यायाम, मग मोजमाप. बाबा टाळाटाळ करायचे, आतोबा शाळामास्तरासारखे ओरडायचे. "सुधारतंय हो, शास्त्रीबुवा," म्हणून यंत्र नाकासमोर धरायचे. एक दिवस बाबा भडकलेच.

"भाऊजी, तुमच्या यंत्राला काय कळतंय? माझ्या तळहातात पाणी ठरत नाही."

आतोबांनी यंत्र खाली घेतलं. त्यांनी विचारलं, "आचमनाला पाणी लागतं किती?"

"उडदाचा दाणा बुडेल इतकं. शास्त्रच आहे तसं."

आतोबांनी यंत्र झोळीत टाकलं आणि आईला हाक मारली, "वहिनी, एक उडीद द्या."

त्या दिवसापासून तेच मोजमाप. तळहातात दाणा, वरून पळीभर पाणी. पाणी बोटांतून निसटायचं आणि दाणा उघडा पडायचा. आतोबा पुन्हा पळी भरायचे. थंडी पडता पडता एका सकाळी दाणा बुडाला आणि बुडालेलाच राहिला. बाबा दाण्यासकट पाणी पिऊन मोकळे झाले.

"अहो, माझं मोजमाप गिळलंत," आतोबा म्हणाले, आणि दोघंही लहान पोरांसारखे हसत सुटले. पुढच्याच आठवड्यात बाबा घाटावर बसले.

गेल्या वर्षी आतोबा गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं, सगळं बाबांनीच केलं. तिलांजलीला उजव्या हातात पाणी घेतलं, मंत्र म्हणून झाला, आणि बाबा तसेच थांबले. तळहातातलं पाणी एक थेंब गळेना आणि बाबांना ते सोडवेना. इतकी वर्षं दुसऱ्यांना धीर देत हेच विधी सांगणारा माणूस, पण स्वतःच्या तळहाताकडेच बघत राहिला. मला रडू आवरेना.

शेवटी आत्या खाली वाकली आणि तिने त्यांच्या मनगटाखाली हात धरला. "सोड रे बाळू," म्हणाली, "जाऊ दे त्यांना."

मग बाबांनी हात कलता केला.