फाटलं न्हाय म्हंजी चालतंय

जगातल्या कुठल्याही दोन गोष्टी एकमेकींत मिसळाव्यात की नाही, याचा अंतिम निकाल शेळगावात लागत असे आणि तो माझ्या बायकोचे मामा देत. मामांची डाळिंबाची बाग. फवारणीच्या आदल्या दिवशी दोन औषधं काचेच्या बाटलीत थोडी थोडी कालवायची, अर्धा तास ठेवायची, मग बाटली उन्हात धरून एक डोळा मिटून बघायचं. मिश्रण नासलेल्या दुधासारखं फाटलं तर ती औषधं एका टाकीत घालायची नाहीत. इथवर ठीक, सगळेच बागायतदार हे करतात. पण मामांना त्या बाटलीचा नादच लागला हो! गुळाच्या चहात दूध घालावं का? बाटलीत. मामींच्या केसांच्या तेलात कांद्याचा रस चालेल का? बाटलीत! माझ्या मेहुण्याला स्थळ सांगून आलं तेव्हा मामा हळहळले, "माणसं बाटलीत घालता येत न्हाईत, न्हायतर अर्ध्या तासात सांगितलं आसतं." आजूबाजूच्या गावांतले लोक दुकानातून औषधं घेऊन परस्पर मामांकडे यायचे आणि मामांनी मान हलवल्याशिवाय पंपाला हात लावायचे नाहीत.

मग मामांना साखर निघाली. बारामतीच्या डॉक्टरांनी रोज सकाळची एक गोळी दिली आणि बजावलं, "जेवण चुकवायचं नाही आणि दारू पूर्ण बंद." त्यातलं जेवणाचं मामांच्या डोक्यात राहिलंच नाही, कारण दारूचं ऐकून त्यांचा चेहराच उतरला. मामा दारुडे मुळीच नव्हते. रविवारी भिगवणला जाऊन मासे खायचे आणि त्याआधी दोन पेग, बस्स. पण त्या दोन पेगांवर त्यांचा आठवडा निघायचा.

पुढच्याच रविवारी सकाळी मला फोन. "जावईबापू, या! निकाल लागला!" मी धावत गेलो. ओट्यावर बाटली, बाटलीत दारू आणि दारूत कुटून टाकलेली साखरेची गोळी! मामांनी बाटली उन्हात धरली. नाचायचेच तेवढे बाकी होते. "बघा, बघा! फाटलं न्हाय! फाटलं न्हाय म्हंजी चालतंय. डाक्टरनं करूनच बघितलं नसंल!" तळाशी पांढरं काही बसलेलं मला दिसलं. "त्यो गोळीतला खडू," मामा म्हणाले. आता मी कोण? बारामतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा शहाणा! आणि हा शहाणा काय म्हणाला? "चला मग!"

भिगवणला ही गर्दी. मासे यायला तास लागला. माशांना जागा ठेवायची म्हणून मामांनी सकाळपासून गोळीशिवाय पोटात काही घातलेलं नव्हतं, आणि त्या रिकाम्या पोटी दोन्ही पेग उतरले. मग जी गंमत सुरू झाली! मामांनी वेटरला "आबा" म्हणून नमस्कार केला. चमच्यानं भांग पाडायला लागले. मला माझंच नाव विचारलं. माझी हसून हसून मुरकुंडी वळली. मी फोन काढला, व्हिडिओ घेतला आणि मामींना धाडून दिला.

मिनिटभरात मामींचा फोन. "पाव्हणं, हसताय काय! दोन पेगात त्यास्नी कधी चढलीय? सदरा बघा, घामानं चिंब झालाय. हात बघा कसं कापत्यात. आधी साखर पाजा, साखर!"

मी बघितलं आणि ताडकन उठलो. गल्ल्याशेजारच्या चहाच्या टेबलावरून साखरेचा डबाच उचलला, पाण्यात मूठभर कालवली आणि घोट घोट पाजली. गिळता येत होतं, हे नशीब. तिथून गाडीत घालून जवळच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी बोटाला सुई टोचली, आकडा बघितला आणि आधी सलाईन लावलं. नंतर मात्र माझी बिनपाण्यानं केली. "गोळी साखर खाली आणते. दारू लिव्हरला साखर सोडू देत नाही. वर पोट रिकामं. ही बाटलीतली परीक्षा कीटकनाशकांना चालते हो, माणसाचं पोट म्हणजे काय फवारणीची टाकी आहे? 'चढलीय' म्हणून जरा वेळ झोपवलं असतंत, तर उठले नसते."

संध्याकाळी मामांनी डोळे उघडले. "लय चढली व्हती का मला?" त्यांनी विचारलं. "लोकं हसली आसतील."

"नाही मामा," मी म्हणालो.

आता मामा माशांबरोबर सोडा पितात. कुणी दोन औषधं घेऊन आलं तर म्हणतात, "दुकानदाराला इचारा बाबा, मला काय कळतंय." ते ऐकवत नाही. त्यांचा तो उन्हात एक डोळा मिटलेला रुबाब गेला, त्याचं मला फार वाईट वाटतं. मामी मात्र आल्यागेल्याला तो व्हिडिओ दाखवतात, "पाव्हण्यांनी ह्यो धाडला म्हणून वाचलं," असं म्हणतात, आणि मी कुठं तरी दुसरीकडे बघत बसतो. कारण व्हिडिओच्या शेवटी मामा फोनकडे नाही, माझ्याकडे बघतात आणि हळूच म्हणतात, "जावईबापू, मला कसं तरीच व्हतंय." त्यावर कुणीतरी मोठ्यानं हसतं. तो आवाज माझा आहे.