गुलाबाच्या खाली

परदेशी परफ्यूमच्या बोटभर नमुना-बाटल्या मागवायचा मला नाद आहे. आज आलेली गुलाबाची बाटली मनगटावर लावली आणि मी थेट कामरगावच्या आमच्या शेतात जाऊन पोचलो.

कपाशीच्या पऱ्हाटीवर फवारणी करताना बाबा तोंडाला बांधायच्या दुपट्ट्यावर गुलाबाचं अत्तर लावायचे. औषधाचा वास आला नाही की विष चढत नाही, अशी तेव्हा सगळ्यांचीच समजूत. त्या दुपारी ते शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसले, ते उठेचनात. डोळे गळत होते, हात थरथरत होते. जीपमध्ये मायनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि तोच दुपट्टा नाकाशी धरला.

"घ्या, वास घ्या. बरं वाटन तुमाले."

बाबांचा श्वास अडखळायला लागला, तशी ती दुपट्टा आणखीच घट्ट धरायची. जीपभर गुलाब दरवळत होता. मलाही त्याचा धीर वाटत होता. दवाखान्यात नर्सनं दुपट्टा हिसकून घेतला.

"काय करून राह्यल्या बाई? औषधानं भिजला हाये हा!"

बाबा वाचले. आज तेच मनगट मी त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी मान मागं घेतली.

"गुलाब हाये, बाबा."

"तो वरून," ते म्हणाले. "खाली काय हाये, ते आंदी सांग."