परत नेणारं जहाज

घोडेगावला जाणारी एसटी आमच्या फाट्यावर सकाळी यायची आणि तिच्या मनात असेल तर थांबायची. मी नेव्हीत जायला निघालो त्या दिवशी ती नेमकी थांबली. आईने नाचणीच्या भाकरी फडक्यात बांधल्या होत्या, पोट बिघडलं तर म्हणून वर मूठभर हिरडे. वडील, म्हणजे आमचे दादा, खांद्यावर घोंगडी टाकून फाट्यापर्यंत आले. रडारड त्यांना जमत नाही. बस हलली तसा खिडकीला हात लावून एवढंच म्हणाले, "पाण्यात उतरायच्या आधी भायेर यायची वाट बघून ठेव."

गावातले तुम्ही बहुतेक जण पुण्याला, चाकणला गेलात, मी गेलो थेट विशाखापट्टणमला. आंबेगावच्या डोंगरातल्या माणसाला समुद्र म्हणजे काय ठाऊक? आहुप्याच्या कड्यावरून खाली कोकण दिसतं, त्याच्या पलीकडे काहीतरी पांढुरकं असतं, त्याला आम्ही समुद्र म्हणायचो. ढगच असणार ते.

मला जहाज मिळालं तेही कसलं, तर रणगाडे वाहून नेणारं. सुट्टीत गावी आलो की पारावर पहिला प्रश्न ठरलेला, "भाऊ, विमानं उडत्यात का तुझ्या जहाजावरनं?" नाही म्हटलं की, "मंग ट्रकच म्हना की राव!" खोटं कशाला बोलू, होता ट्रकच. तळ सपाट, त्यामुळे जरा लाट आली की असा डोलायचा की जुने खलाशीही बादली शोधायचे. त्याचं काम जगावेगळं. किनारा दिसू लागला की लांबवरच मागचा नांगर टाकायचा, त्याचा दोर सोडत सोडत पुढे जायचं आणि जहाज मुद्दाम वाळूत रुतवायचं. पुढची दारं उघडायची, रॅम्प पडायचा, रणगाडे धडधडत बाहेर. मग मागचा दोर गुंडाळत जहाज स्वतःला ओढून पुन्हा पाण्यात न्यायचं. ओहोटी लागायच्या आत हे सगळं व्हायला हवं, नाहीतर बसा तिथेच. माझी ड्यूटी त्या मागच्या नांगरावर होती. दादांना हे सांगितलं तेव्हा ते चकितच झाले. चिखलात रुतलेली बैलगाडी काढताना त्यांचा जन्म गेला, आणि इथे सरकार मुद्दाम रुतवतंय!

याच वर्षांत इकडे गावाखाली बांधलेल्या धरणाचं पाणी चढत होतं. आधी खालची भातखाचरं गेली, मग वाट गेली. कारगिलच्या वर्षी दादांचा निरोप आला की औंदा पाणी उंबऱ्याला लागणार, घर उतरवायचंय, आढं काढायला तू हवास. रजा मंजूर झाली, बॅग भरली, आणि वर लढाई पेटली. रजा रद्द. रणगाडे पोटात घेऊन आम्ही समुद्रात उभे राहिलो, हुकमाची वाट बघत. हुकूम आलाच नाही. एकही रणगाडा आम्ही उतरवला नाही, आणि तिकडे दादांनी भावकीला हाताशी धरून वासे, कौलं, आढं सगळं उतरवून वरच्या टेपाडावर नेलं. नंतर भेटल्यावर मला बोल लावला नाही. पण नव्या घराला त्यांनी कधी घर म्हटलं नाही. "वर" म्हणायचे, नुसतं "वर". ते मला फार लागायचं.

माझं मात्र तिकडे बस्तान बसत गेलं. बायको शेजारणींकडून चारू म्हणजे तिकडचं सार, पप्पू म्हणजे तिकडचं वरण करायला शिकली. मुलं आपसात हिंदीत भांडतात, दारात तेलुगूत बोलतात आणि आजीशी फोनवर मराठीत अडखळतात. मीही आता जेवणाच्या खोलीला मेस म्हणतो आणि सुट्टीला लीव्ह.

मग त्सुनामी आली. आम्हाला निकोबारच्या बाजूला धाडलं. बंदरांचे धक्के मोडले होते, त्यामुळे वाळूत घुसणारं आमचंच जहाज कामाचं. एका बेटावरून लोकांना हलवत होतो. ओहोटी लागली होती, वरून घाई चालली होती, आणि एक म्हातारा पडलेल्या माडाला टेकून बसलेला, काही केल्या उठेना. मी त्याच्यापुढे बसलो. त्याने हिंदीत एकच विचारलं, "वापस लाओगे?" मी साधा खलाशी, कुणाला काय वचन देणार? मला माहीत नाही, असं सांगितलं. तेवढं ऐकून तो माझा हात धरून उठला. तसाच हात धरून मी त्याला रॅम्पवरून आत नेलं.

काही महिन्यांनी आमच्याच जहाजाने त्यांना परत नेलं. पत्रे, कुदळी, तांदळाची पोती आणि ती माणसं. रॅम्प पडला तसा म्हातारा सगळ्यांच्या पुढे उतरला आणि चालू लागला, आमच्याकडे वळूनही बघितलं नाही. मला इतका आनंद कुठल्या मेडलने झाला नसता.

पुढच्या सुट्टीत टेपाडावरच्या ओट्यावर बसून हे दादांना सांगितलं. खाली धरणाचं पाणी पसरलेलं. म्हाताऱ्याचं ऐकताच त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"त्येंना परत न्हेलं का रं?"

"न्हेलं, दादा."

"समद्यांना?"

"ज्यांना जायचं व्हतं, त्यांना."

दादांनी खाली पाण्याकडे बोट दाखवलं. "जायचं तर आमालाबी व्हतं."

रागाने नाही बोलले.

जहाज नंतर मोडीत निघालं. मीही पेन्शनीत निघालो आणि मुलांच्या शाळेपायी विशाखापट्टणमलाच राहिलो. घर कुठं, असं कुणी विचारलं की पंचाईत होते. एक तिकडे आहे, एक टेपाडावर, आणि खरं ते पाण्यात. मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा मी येतो. गाळातून दादांचा हात धरून त्यांना खाली नेतो. घराचं जोतं अजून शाबूत आहे, त्यावर ते पाय पसरून बसतात, आई नवी नवरी असतानाच्या गोष्टी मला सांगतात, मोकळं हसतात. एवढंच परत नेणं माझ्या हातात आहे. उन्हं कलली की निघायला हवं असतं, पण "वर चला" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.