खंडेरावमामांचं अर्धं ताट

सिन्नरजवळच्या आमच्या गावात कुणी लग्नाचं आवतण द्यायला आलं की हमखास विचारायचं, "खंडेराव येणार ना?" खंडेराव म्हणजे माझे मामा. स्वतःचा टेम्पो होता. टोमॅटो-कोबी भरून नाशिकच्या मार्केटला जायचे. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं ते खाण्यासाठी. मामा पंगतीत बसले की वाढपी परात घेऊन तिथंच थांबायचा. जेवून उठलेली माणसं हात धुवून परत मंडपात यायची, नुसती बघायला.

पाचेक वर्षांपूर्वी अशाच एका पंगतीत जिलेबी खाता खाता त्यांचा डावा हात जड झाला. "पित्त असंल," म्हणत त्यांनी सोडा प्यायला. लंकाबाई मामी बायकांच्या पंगतीतून उठून आल्या. घामानं भिजलेला सदरा त्यांनी नुसता बघितला.

"महेश, गाडी काढ," त्या मला म्हणाल्या. "हे सोड्याचं दुखणं नाय."

नाशिकच्या दवाखान्यात कळलं, हार्ट अटॅक होता. बंद पडलेल्या नळीत स्टेंट बसवला. शुगर आणि बीपी दोन्ही वाढलेली निघाली. कधीपासून, ते मामांनाही ठाऊक नव्हतं.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी आहारतज्ज्ञ मॅडम आल्या, तेजस्विनी नावाच्या. आता हे बंद, ते बंद ऐकावं लागणार म्हणून मामा भिंतीकडं तोंड करून पडले. मॅडमनी स्टूल ओढलं.

"काका, जेवणातलं तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडतं?"

मामा कूस बदलून मॅडमकडं वळले. मग म्हणाले, "लोक बघत्यात ते."

"आणि चव?"

"चव घ्यायला वेळ कुठं असतो, मॅडम. थांबलं की लोक उठून जात्यात."

मामी खिडकीशी उभ्या होत्या. त्यांनी तोंड बाहेर वळवलं.

मॅडमनी रिकाम्या ताटावर बोटानं रेघ ओढली. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर. उरलेल्या अर्ध्यात डाळ किंवा उसळ, आणि तेवढीच भाकरी. मीठ बेताचं. लोणचं, पापड, शेव नाही, चहात साखर नाही. "आणि गोळ्या आपल्या मनानं सोडायच्या नाहीत. हे जेवण गोळ्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या बदल्यात नाही."

मामींनी घरात दोन स्वयंपाक केले नाहीत. स्वतःच्या ताटातलंही मीठ कमी केलं. मी एकदा म्हटलं, "मामी, तुम्हाला कुठं काय झालंय?" त्या म्हणाल्या, "एका चुलीवर दोन चवी कशाला?"

सुरुवातीचे दिवस वाईट होते. मामा ताटाकडं बघत बसायचे. एकदा मार्केटहून येताना टेम्पोत बसून त्यांनी जिलेबी खाल्ली आणि संध्याकाळी मामींना स्वतःच सांगितलं. मामी चिडल्या नाहीत. रोजच्यासारखं ताट वाढलं.

मग एके दुपारी, मी तिथंच जेवत होतो, मामांचा घास हातातच थांबला.

"लंका, दोडक्यात गूळ घातला का?"

"घरात गूळ हाय कुठं?"

मामांनी पुन्हा घास घेतला. डोळे मिटून सावकाश चावला. "दोडका गोड असतोय," ते म्हणाले, आवाज एकदम बारीक करून, जणू देवळात बोलत होते. मी माझ्या ताटातला खाऊन बघितला. मला अळणी लागला. पन्नाशी उलटलेल्या माणसाला नवी जीभ फुटताना मी बघत होतो.

"तीस वर्षं असाच करते मी," मामी म्हणाल्या.

पुढच्या उन्हाळ्यात मामांचा गावातला जुना दोस्त निवृत्ती, त्याच्या मुलीचं लग्न झालं. वऱ्हाड मालेगावचं होतं. खंडेरावांची कीर्ती तिथवर पोहोचलेली, म्हणून पाहुणे मोबाईल काढून उभे राहिले. निवृत्ती स्वतः परात घेऊन आला.

"खंडेराव, पाहुणे थांबलेत. माझी लाज राख."

मामांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. "निवृत्ती, पोरीला आशीर्वाद द्यायला आलोय. खेळ दाखवायला नाय."

कुणीतरी हसलं. निवृत्तीचा चेहरा उतरला. तो परात घेऊन तसाच उभा राहिला. मामांनी काकडी मागून घेतली. वांग्याची थोडी भाजी, डाळ, एक पोळी. एकेक घास चावत ते जेवत राहिले. थोड्या वेळानं मोबाईल खाली झाले, माणसं पांगली. मामांनी मान वर करून बघितलंही नाही. ज्या नजरांसाठी त्यांनी उभा जन्म खाल्लं, त्या एकेक करून निघून गेल्या आणि त्यांचा घास अडला नाही. परातीच्या पराती संपवताना मी त्यांना बघितलं होतं, पण माझ्या अंगावर काटा आला तो त्या दिवशी.

मामा बरे झाले असं डॉक्टर म्हणत नाहीत. हा आजार जन्माचा सोबती आहे, पण शुगर आता हद्दीत असते, बीपीची एक गोळी डॉक्टरांनीच कमी केली. टेम्पो चालू आहे.

गेल्या दिवाळीनंतर निवृत्ती आला. त्यालाही शुगर निघाली होती. त्यानं रिपोर्ट पुढं केला.

"ते डॉक्टर बघंल," मामा म्हणाले. "तू जेवायला बस."

मामींनी मेथी वाढली. दोन घास झाल्यावर निवृत्ती मिठासाठी इकडंतिकडं बघायला लागला.

"थोडे दिवस थांब," मामा म्हणाले, आणि आपल्या घासाकडं वळले.